रंगाचा पहिला हात देण्यापूर्वी

सदर : उंबरठ्याच्या आत



दिवाळी दोन महिन्यांवर आली की आपल्या घरांतून रंगाचा विषय निघतो. पर्युषणाची आराधना आटोपते, क्षमापनेची पत्रे जातात, आणि मग एखाद्या संध्याकाळी गृहिणी भिंतीकडे पाहत म्हणते, ‘यंदा हात द्यायलाच हवा.’ रंगाची पुस्तिका येते, रंगारी येतो, हिशेब होतो. भिंतीचा प्रश्न सोपा असतो. चुन्यावर चुना किंवा डिस्टेंपरवर डिस्टेंपर चढतो, आणि नाही आवडला तर पुढच्या दिवाळीला बदलतो. परंतु घरात जुने लाकूड असेल, उघडी वीट असेल, दगडी खांब असेल, तर तोच प्रश्न अवघड होतो. तो कसा अवघड होतो, हे मला दोन घरांनी शिकवले. एक घर बार्शीचे, आमचे. दुसरे माझ्या थोरल्या लेकीचे, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातले. पहिल्या घरात मी चुकले. दुसऱ्या घरात माझे मत बाजूला ठेवावे लागले. आज दोन्हींविषयी लिहिते.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत लेकीचा फोन आला. दीड वर्षापूर्वी त्यांनी घर घेतले होते, १९५८ साली बांधलेले. त्या घरातील बैठकीची मागची खोली चारही बाजूंनी लाकडी फळ्यांनी मढवलेली होती. अमेरिकेत त्या काळात तशी पद्धत होती. पाइनच्या, म्हणजे चीडवर्गीय झाडाच्या, गाठी दिसणाऱ्या फळ्या भिंतीला ठोकायच्या, त्यावर वार्निश द्यायचे आणि एका भिंतीत विटांची शेकोटी बांधायची. तिला तिकडे फायरप्लेस म्हणतात. वर धुराडे, पुढे लाकडाची जाड फळी, तिच्यावर तसबिरी. छायाचित्रात हे सगळे फार देखणे दिसते.

लेक म्हणाली, “आई, मी दिवसभर याच खोलीत बसून काम करते. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. खोलीचे तोंड उत्तरेला. भिंती तपकिरी, विटा काळपट, छत बुटके. चार वाजले की मला उगाच रडू येते. मी सगळे पांढरे करून टाकणार आहे, भिंतीही आणि शेकोटीही.”

मी तत्काळ म्हणाले, “लाकडाला रंग लावू नकोस.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “तू ही खोली पाहिलेली नाहीस.”

तिचे म्हणणे खरे होते. मी खोली पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर दुसरीच भिंत होती, आणि तिची हकिकत मी लेकीला कधी सांगितली नव्हती.

बार्शीला आमची कापडाची पेढी होती. रस्त्याकडेच्या खोलीत गादी, गादीमागे सागवानी फळ्यांची भिंत. माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्या भिंतीला पाठ टेकून चाळीस वर्षे बसले. ती जागा त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांची होती. १९८६ साली धाकट्या दिरांचे लग्न ठरले. अण्णा सम्मेदशिखरजीच्या यात्रेला गेले होते, वीस दिवसांसाठी. ते परत येईपर्यंत पेढी उजळून टाकावी, त्यांना आनंदाचा धक्का द्यावा, अशी कल्पना माझी. यजमानांनी होकार दिला. रंगाऱ्याने पॉलिशपेपर मारला, भेगांत लांबी भरली आणि साईच्या रंगाच्या ऑइल पेंटचे दोन हात दिले. खोली खरोखरच उजळली. येणारे-जाणारे वाखाणून गेले.

अण्णा परतले. टोपी काढून गादीवर बसले, मागे वळून भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, “छान उजेड पडला.” एवढेच. त्यानंतर त्यांनी त्या भिंतीला पाठ टेकली नाही. गादीचा लोड त्यांनी समोरच्या बाजूला सरकवून घेतला. आम्हांला वाटले, रंग अजून ओला असेल, म्हणून.

दोन वर्षांनी, ते आजारी असताना, मला कळले. त्या फळ्यांवर, गादीच्या उजव्या हाताला, त्यांच्या वडिलांनी पेढी उघडल्या दिवशीचे कापडाचे भाव मोडीत पेन्सिलीने लिहून ठेवले होते. त्याखाली पुढच्या काही वर्षांतल्या पाडव्याचे आकडे होते. मी सून म्हणून आल्यापासून ती भिंत रोज पुसत होते. ती अक्षरे मला मळासारखी वाटली होती. अण्णांनी हे तक्रार म्हणून सांगितले नाही. मी औषध देत होते आणि ते सहज बोलून गेले. त्यांनी तक्रार केली असती तर मला सोपे गेले असते.

२००९ साली पेढीची दुरुस्ती निघाली तेव्हा आम्ही तो रंग काढायला लावला. कारागीर फुंकणीच्या ज्योतीने रंग फुगवीत आणि पत्रीने खरवडीत. कोपऱ्यातला रंग काचेच्या तुकड्याने काढावा लागला. महिना गेला. सागवान परत आले, त्याच्या रेषाही परत आल्या. पेन्सिलीची अक्षरे रंगाबरोबर निघून गेली. आणखी एक गोष्ट तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हती. त्या काळच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी होती. ते जाळून, खरवडून निघणारा धूर आणि धूळ विषारी असते, विशेषतः लहान मुलांना. कारागिरांच्या तोंडाला साधा रुमालही नव्हता. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला. त्याआधीचा रंग ज्यांच्या दारा-खिडक्यांवर आहे त्यांनी तो कोरडा घासू नये, हे या निमित्ताने आवर्जून सांगते.

तर अशी माझी पार्श्वभूमी. मार्चच्या मध्यात मी लेकीकडे पोहोचले, ते मनाशी ठरवूनच की त्या पोरीला ही चूक करू द्यायची नाही.

खोली पाहिली आणि माझा आवाज खाली आला. खोली खरोखर काळोखी होती. पाइनचे लाकूड नवे असताना फिकट असते. उजेड आणि हवा लागून ते वर्षागणिक तांबूस, मग मधासारखे गडद होत जाते. जुन्या मालकाने तसबीर काढली होती तिथे एक फिकट चौकोन उरला होता. सत्तर वर्षांपूर्वीचा मूळ रंग तेवढ्यातच दिसत होता. दुपारी बारालाही दिवा लावावा लागे. लेक त्या दिव्याखाली वाकून काम करीत असे, आणि माझी पाच वर्षांची नात त्या खोलीत खेळायला येत नसे.

तरीही मी म्हणाले, “लगेच नको. आधी पाहू.”

आम्ही पहिले काम केले ते फुकटचे. जाड पडदे काढले. मग घरातल्या पांढऱ्या चादरी काढून तीन भिंतींवर टाचण्यांनी लावल्या आणि आठ दिवस तशाच ठेवल्या. रंग दिल्यावर खोली कशी दिसेल हे रंगाच्या पुस्तिकेतल्या बोटभर तुकड्यावरून कळत नाही. भिंतभर चादरीवरून कळते. तिसऱ्या दिवशी नात आपली खेळणी घेऊन आत आली. लेकीने दुपारचा दिवा लावणे बंद केले. मला काही बोलायला जागा उरली नाही. मग आम्ही चौथ्या भिंतीवर, शेकोटीवरही, चादर टाकून पाहिली. तेव्हा मात्र खोली इस्पितळाच्या खोलीसारखी दिसू लागली. लेकीनेच ती चादर संध्याकाळी काढली.

दुसरे काम जावईबापूंनी केले. त्यांनी विजेच्या बटणांच्या पाट्या एकेक करून उघडल्या. पाटीमागे भिंतीची कड दिसते आणि कड खोटे बोलत नाही. शेकोटीच्या भिंतीत पाऊण इंच जाडीची सलग फळी निघाली. उरलेल्या तीन भिंतींत पाव इंचाचा प्लायवूडचा पत्रा होता, आणि त्याच्यावर लाकडाच्या रेषांचे नुसते छापील चित्र. निरखून पाहिले तर तीच गाठ, तशीच्या तशी, दर काही फुटांवर पुन्हा आलेली. मागाहूनच्या एखाद्या मालकाने मूळ भिंतीशी मेळ साधायला ते पत्रे ठोकले असावेत. ज्याला मी ‘लाकडाला रंग लावू नकोस’ म्हणून कवटाळत होते, त्यातले तीन भाग कागदी चित्र होते. कापडाचा व्यापार केलेल्या घरातली मी; कापड चिमटीत धरल्यावाचून त्याचा भाव करू नये हे मला कुणी सांगायला नको होते.

तेव्हा त्या तीन भिंतींचा निर्णय झाला. प्रत्येक व्यापारी घराला हिशेब हवा, म्हणून सांगते. भिंतींची एकूण लांबी ५० फूट, उंची ८ फूट, म्हणजे ४०० चौरस फूट. दार-खिडक्या वजा जाता ३४० च्या आसपास. तिकडे रंग गॅलनच्या डब्यात मिळतो. एक गॅलन, म्हणजे आपले पावणेचार लिटर, साधारण ३५० ते ४०० चौरस फुटांना एक हात पुरतो. एक डबा प्रायमरचा आणि दोन डबे रंगाचे, एवढ्यात काम होते. मेहनत खरी रंगापूर्वीची. आधी मेणचट थर सौम्य क्षाराच्या पाण्याने धुवायचा. मग बारीक पॉलिशपेपरने चकाकी मारायची, नाहीतर रंग महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. मग चिकट धरणारा प्रायमर, आणि मग रंग. ही पायरी टाळणाऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा रंगाऱ्याला बोलवावे लागते.

घर १९७८ पूर्वीचे. त्या वर्षी अमेरिकेत घरगुती रंगांत शिसे घालण्यास बंदी झाली. म्हणून लेकीने खिडकीच्या चौकटीवरच्या जुन्या रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घेतला. त्यात शिसे निघाले. चौकटीला आम्ही हात लावला नाही. ते काम रीतसर परवाना असलेल्या माणसाने, खोली बंद करून, ओल्या पद्धतीने केले. बार्शीच्या त्या रुमाल नसलेल्या कारागिरांची मला त्या दिवशी फार आठवण झाली.

खरा पेच शेकोटीच्या भिंतीचा होता. लेकीच्या मनात ती भिंतही पांढरी करायची होती, निदान लाकूड तरी. तिने बोलावलेला रंगारी अनुभवी होता. तो म्हणाला, पाइनच्या गाठींत राळ असते. साध्या प्रायमरवर रंग दिला तर वर्षा-दोन वर्षांत प्रत्येक गाठ पिवळा डाग होऊन वर येईल. त्याला अडवायला शेलॅकचा प्रायमर हवा. दुसरे प्रायमर आहेत, पण गाठींची हमी तो त्यांच्यावर देणार नाही.

लेकीने डब्यावरची माहिती वाचली आणि माझ्याकडे पाहिले. शेलॅक म्हणजे चपडा, म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे आपल्याभोवती जो स्राव जमवतात, तो फांद्यांवरून खरवडून, वितळवून लाख तयार होते. खरवडताना किडे त्यात असतातच. ही लाख आपल्याच देशातून, विशेषतः झारखंडकडून, जगभर जाते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘लाक्षावाणिज्य’ स्पष्ट सांगितले आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी कित्येक नफ्याचे धंदे या यादीमुळे सोडले.

मी जरा विजयाच्या सुरात म्हणाले, “बघ, म्हणूनच लाकडाला हात लावू नये.”

लेक शांतपणे म्हणाली, “आई, आपल्या पेढीच्या सागवानाला कसले पॉलिश होते?”

मी उत्तर दिले नाही. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून, कापसाच्या बोळ्याने चढवलेले ते पॉलिश होते. दर काही वर्षांनी मिस्त्री येत असे, त्याच्या बाटलीचा वास मला आजही आठवतो. ज्या चकाकीसाठी मी इतकी वर्षे हळहळत होते तीही त्याच किड्याची होती. ‘पूर्वी सगळे शुद्ध होते’ असे आपण पिकल्या केसांच्या बायका फार सहज म्हणतो. पूर्वी आपण डब्यावरचे वाचत नव्हतो, हे अधिक खरे आहे. भिंतीच्या जुन्या डिस्टेंपरमध्ये प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा सरस असे. रंगाचे चांगले ब्रश डुकराच्या केसांचे असत, आजही असतात. ज्यांना ते नको असतील त्यांच्यासाठी सांगते, नायलॉन-पॉलिएस्टरचे ब्रश सर्वत्र मिळतात, आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला तेच बरे. केसांचा ब्रश पाणी पिऊन मऊ पडतो. दुकानदाराला विचारायला लाजू नये.

त्या रात्री मी लेकीला पेढीची हकिकत सांगितली. अण्णांनी लोड सरकवला तो प्रसंगही सांगितला. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “म्हणजे तू मला नको म्हणत होतीस ते लाकडासाठी नव्हे, आजोबांसाठी.” मग थोड्या वेळाने, “पण आई, आजोबांना तू विचारले नाहीस, ही चूक. रंग दिलास ही नव्हे. त्या भिंतीशी ते बसत होते. या भिंतीशी मी बसते.”

हे वाक्य मला लागले आणि पटलेही. मी आजवर माझी चूक रंगात शोधत होते. अण्णांना विचारले असते तर कदाचित ते म्हणाले असते, ‘तेवढी एक फळी सोड, बाकीची रंगव.’ एका प्रश्नाचे काम होते. आणि आता लेकीच्या खोलीत, तिला न विचारता, मी त्याच चुकीची दुसरी बाजू करीत होते. तेव्हा मी रंग लादला होता, आता बिनरंगी भिंत लादत होते.

तेव्हा आम्ही ठरवले की शेकोटीच्या भिंतीचा निर्णय लेकच करील, पण एक पूर्ण वर्ष त्या भिंतीबरोबर राहून. तीन भिंती पांढऱ्या झाल्यावर, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा पाहून. थांबायला आणखीही एक कारण निघाले.

शेकोटी ते पेटवीत नाहीत. सरपणाच्या ओंडक्यांत, सालीखाली किती जीव असतात हे ठाऊक असताना केवळ शोभेसाठी जाळ करणे जावयांनाही रुचत नाही. घर गरम ठेवायला वेगळी यंत्रणा आहेच. परंतु उघड्या धुराड्यातून थंड वारा आत येई. म्हणून मे महिन्यात धुराडे साफ करून वरून झाकण बसवावे असे ठरले आणि त्यासाठी माणूस बोलावला. त्याने विजेरीने वर पाहिले आणि काम थांबवले. आत घरटे होते. आपल्या पाकोळीच्या कुळातला ‘चिमनी स्विफ्ट’ नावाचा एक पक्षी तिकडे आहे. बारीक काटक्या आपल्या लाळेने चिकटवून तो धुराड्याच्या आतल्या भिंतीवर घरटे बांधतो. त्याला आपल्या चिमणीसारखे फांदीवर बसता येत नाही, उभ्या भिंतीला बिलगूनच राहतो. वसंतात येतो, पिल्ले वाढवतो आणि पानगळीच्या सुरुवातीला दक्षिण अमेरिकेकडे निघून जातो. पिल्ले असलेले घरटे हलवायला तिथला कायदाही मनाई करतो. कायदा नसता तरी आम्ही थांबलोच असतो. जावई हसून म्हणाले, “आपल्याकडे पाहुणे चातुर्मासाला आले आहेत.” उन्हाळाभर शेकोटीच्या आतून पंखांचा फडफडाट आणि पिल्लांचा कलकलाट ऐकू येई. नात कान लावून बसे. ऑक्टोबरात पक्षी गेल्याची खात्री करून धुराडे साफ झाले आणि झाकण बसले. तोवर मी बार्शीला परतले होते.

हिवाळ्यात लेकीचे फोन येत. चार वाजता रडू येत नाही, एवढे तिने डिसेंबरात सांगितले. भिंतीविषयी मी विचारले नाही. विचारायचे नाही असे मी स्वतःला बजावले होते, आणि हे पथ्य मला उपवासापेक्षा जड गेले. जानेवारीत तिनेच एक निरीक्षण सांगितले. थंडीत घर तापवल्यावर हवा कोरडी होते, तेव्हा सलग फळ्या आकसतात. दोन फळ्यांच्या जोडात केसाएवढी फट पडते आणि उन्हाळ्यात ती मिटते. उन्हाळ्यात त्यांना पांढरा रंग दिला असता तर दर हिवाळ्यात प्रत्येक जोडात लाकडाची एकेक तपकिरी रेघ उघडी पडली असती. म्हणून ज्यांना अशा फळ्या रंगवायच्याच असतील त्यांनी त्या कोरड्या ऋतूत, फटी उघड्या असताना रंगवाव्यात. ते लाकूड अजून हलते आहे, हे तिच्या मनाला भिडले. “तीन भिंती माझ्या, ही एक त्या लाकडाची,” असे म्हणून तिने फळ्या तशाच ठेवल्या.

मी मनातून सुखावले, तोच एप्रिलमध्ये तिने दुसरी बातमी दिली. विटांना ती चुना देणार होती.

वीट मला लाकडाइतकी प्रिय नाही, तरी मन खट्टू झाले. विटेला रंग देणे हे खरे तर लाकडाला रंग देण्याहून अधिक कायमचे. लाकडावरचा रंग कष्टाने का होईना निघतो. वीट सच्छिद्र असते, रंग तिच्या पोटात शिरतो, आणि तो ओरबाडून काढायला गेले तर विटेचे भाजलेले कठीण तोंडच निघून जाते. मी हे तिला सांगितले, एकदाच. तिला ते माहीत होते. तिने सगळे वाचले होते. विटांचा वरचा भाग पूर्वीच्या मालकांच्या धुराने काळवंडलेला होता. धुऊनही डाग राहिले होते, आणि वर्षभर रोज समोर बसून ते डाग तिला सलत होते. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट न देता तिने चुना निवडला. चुन्यात ना सरस ना लाख. तो विटेचा श्वास कोंडत नाही. विटा ओल्या करून पातळ हात द्यायचा, ओला असताना तो फिकट दिसतो आणि वाळल्यावर पांढरा होतो. हाताला मोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा, कारण चुना भाजतो. हे सारे आपल्या आज्यांना पाठ होते. तिकडे तो तयार डब्यात मिळतो, एवढाच फरक. ज्या पोटात कधीकाळी जाळ होत असे, तिथल्या विटा मात्र तिने तशाच सोडल्या.

तिने छायाचित्र पाठवले. खरे सांगते, मला ती शेकोटी पूर्वीचीच आवडत होती. परंतु हा निर्णय तिने अंधाऱ्या जानेवारीत, एका हताश संध्याकाळी घेतला नव्हता. परत फिरता येणार नाही हे जाणून, वर्षभर थांबून, डोळे उघडे ठेवून घेतला होता. मी तिला लिहिले, “छान उजेड पडला.” लिहून झाल्यावर मला अण्णा आठवले. ते तेव्हा हेच शब्द कसे बोलले असतील, हे तेव्हा मला प्रथम उमगले.

वाचकहो, या दिवाळीला आपल्यापैकी कुणाच्या घरी जुने दार, माजघराचा सागवानी खांब, पेढीची फळी किंवा उघडी वीट रंगाऱ्याच्या ब्रशची वाट पाहत असेल, तर मी ‘रंगवा’ही म्हणणार नाही आणि ‘रंगवू नका’ही. एक पाटी उघडून आतली कड पाहा. आठ दिवस चादर लावून पाहा. डब्यावरचे वाचा. हा हात परत घेता येईल का, हे रंगाऱ्याला विचारा. आणि त्या भिंतीला पाठ टेकून घरातले जे माणूस रोज बसते, मग ते ऐंशीचे असो वा पाचचे, त्याला रंगाची पुस्तिका दाखवण्यापूर्वी भिंत दाखवा आणि विचारा, ‘इथले काही ठेवायचे आहे का?’ पेन्सिलीची अक्षरे असतील तर ते माणूसच सांगेल. इतरांना ती मळासारखी दिसतात.